आमच्या गावच्या वस्तीच्या एसटीचा रिव्ह्यू, पाचपैकी साडेचार

लोक मिक्सरचे, मोबाईलचे, मिसळीचे रिव्ह्यू लिहितात, मी म्हटलं आपण आपल्या वस्तीच्या गाडीचा लिहू. गेल्या वर्षभरात मी सगळ्यात जास्त वापरलेली सर्व्हिस तीच आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून महिन्यातून एकदा तरी गावी जावंच लागतं, आणि दरवेळी स्वतःची गाडी काढून नालासोपारा ते गुहागर तालुका एवढं ड्रायव्हिंग करायचं वय आता राहिलं नाही. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की खालच्या वाडीतले म्हणणार गाडी आमच्या वाडीची, आणि वरच्या वाडीतले म्हणणार थांबा आमच्या जागेत आहे, ते भांडण मला इथे नकोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. वस्तीची गाडी म्हणजे जी संध्याकाळी तालुक्याहून किंवा चिपळूणहून सुटते, रात्री गावात येऊन थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. देशावर हिला मुक्कामी म्हणतात. दिसायला साधी लालपरी, पण दिवसा येऊन लगेच वळून जाणाऱ्या फेरीत आणि हिच्यात पाहुणा आणि घरजावई एवढा फरक आहे. आमच्याकडे पिंपळाच्या पाराजवळ उभी असते. शाळेची एक खोली ड्रायव्हर-कंडक्टरला दिलेली आहे, पाण्याचा हंडा कोणी ना कोणी भरून ठेवतं. जेवणाचा डबा ते बहुतेक घेऊनच येतात, पण कोणाकडे कार्य असलं, कोंबडं कापलं असलं की ताट जातंच, सांगावं लागत नाही.

आता हा रिव्ह्यू लिहायचं निमित्त. मधे माझ्या मुलीला प्रोजेक्ट होता, आपल्या मूळ गावाची माहिती लिहा. तिने नेटवर शोधलं तर गावाच्या नावाने एक पान निघालं, लोकसंख्या, साक्षरता, घरं, आणि शेवटी बस गावात उपलब्ध, रेल्वे दहा किलोमीटरपेक्षा जास्त अंतरावर. झालं गाव. आकडे सगळे २०११ च्या जनगणनेचे होते, पण वर तसं कुठेच लिहिलेलं नाही, जणू काल सकाळीच कोणी मोजून गेलंय. मुलगी म्हणाली बाबा एवढे लोक आहेत गावात? मी म्हटलं बाळा, यातले निम्मे आपल्या बिल्डिंगच्या आजूबाजूला राहतात. ते पान बनवणाऱ्याला माझ्याकडून एक स्टार, तोसुद्धा गावाचं नाव बरोबर लिहिलं म्हणून. आणि ते 'बस उपलब्ध' तर मला फार टोचलं. जनगणनेच्या गावनिहाय माहितीत तसंच असतं, सोय गावात आहे की नाही, नसली तर पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पुढे. दिवसाला दहा गाड्या असलेलं गाव आणि एक वस्तीची गाडी असलेलं गाव, दोन्हीकडे उत्तर एकच, आहे. किती वाजता आहे, त्यात बसतं कोण, हे कुठे लिहिणार?

तर त्यात बसतं कोण ते मी सांगतो.

मागच्या खेपेला येताना पॅसेंजरने आलो. पूर्वी ती रत्नागिरी पॅसेंजर दादरहून सुटायची, कोविडनंतर दिव्याहून सुटते, त्यामुळे नालासोपाऱ्याच्या माणसाला आधी वसई आणि मग दिवा अशी कसरत, पण ते असो, तो वेगळा रिव्ह्यू होईल. चिपळूणला उतरलो, स्टेशनहून रिक्षाने स्टँडवर आलो. चिपळूणच्या स्टँडवर आलो की मला दरवेळी २२ जुलै २०२१ चा पूर आठवतो, आगार पाण्यात गेलं होतं आणि तिथले आगारप्रमुख आणि कर्मचारी तिकिटांचे जमलेले नऊ लाख रुपये जवळ धरून बसच्या टपावर तासन् तास बसून राहिले होते. पेपरात आलं होतं तेव्हा. पैसे सोडून पोहत गेले असते तर कोणी काय बोललं असतं? मी तरी नसतो बोललो. असो.

संध्याकाळची गाडी लागली. शृंगारतळीपर्यंत गच्च, बाजार करून येणाऱ्या बायका, कॉलेजची पोरं, एक नवीन टेबलफॅन, तांदळाची पोती, कोणाचातरी कोंबडा पिशवीतून डोकं बाहेर काढून बसलेला. शृंगारतळीला गाडी निम्मी रिकामी होते आणि तिथून पुढे एकेका फाट्याला दोन-दोन चार-चार माणसं उतरत उतरत शेवटी आमच्या गावात फक्त आमचेच लोक उरतात. हा शेवटचा अर्धा तास म्हणजे या सर्व्हिसची खरी मजा. खिडकीतून वारा, बाहेर अंधार, आत सगळे एकमेकांना ओळखणारे. पुढच्या सीटवरची आते मान वळवून विचारते, "ममईवरनं आलास काय रं? एकटाच? पोरांना नाय आणलंस?" तिथून पुढे गावात कोण आजारी, कोणाचं जमलं, कोणाची म्हैस व्याली, सगळं उतरायच्या आत कळतं. आईला घरी जाऊन काही विचारायची गरजच पडत नाही.

कंडक्टरची डिलिव्हरी सर्व्हिस वेगळी. अधिकृत पार्सलबद्दल नाही बोलत मी. आईची गोळी तालुक्याला मिळाली नाही तर चिपळूणच्या मेडिकलवाल्याला फोन करायचा, तो पुडी स्टँडवर कुणाकडे तरी देतो, कुणीतरी ती गाडीत बसणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हातात देतो, आणि रात्री आठ-साडेआठला गोळी आईच्या पायरीवर. एकदाही चुकली नाही. 'मास्तर, बघा हां जरा' एवढंच बोलायचं असतं. मुंबईत मी दहा मिनिटांत किराणा आणणारी ॲप वापरतो, तिथे डिलिव्हरीवाल्या पोराचं नाव मी कधी वाचतसुद्धा नाही.

आता सकाळ. सव्वासहाला गाडी सुटते. त्या दिवशी मी सहज, झोप उडावी म्हणून, गाव सोडेपर्यंत चढलेली माणसं मोजली. सगळे मिळून ३१. त्यात आठ मुली हायस्कूलच्या आणि ज्युनिअर कॉलेजच्या, तीन मुलगे, दहा बायका, पाच जण पंचाहत्तरच्या वरचे, तीन म्हातारे पासष्ट ते पंचाहत्तरमधले आणि दोन माणसं म्हणजे मी आणि एक खतविक्रीला आलेला पाहुणा. आता तिकिटांचा हिशोब बघा. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट. मुलग्यांचा पास एक तृतीयांश पैशात. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पंचाहत्तरच्या वर ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण फुकट, पासष्टच्या वर अर्धं. म्हणजे भरलेल्या गाडीत फुल तिकीट काढणारे आम्ही दोघंच, आणि दोघंही गावात न राहणारे! कंडक्टर मशीनमधून माझं तिकीट काढताना हसत म्हणाला, "साहेब, तुम्ही बसलात म्हणून आज जरा कागद कामी आला."

हसलो खरा, पण नंतर डोक्यात राहिलं ते. कारण सव्वीस ते पन्नास वयाचा गावात राहणारा एकसुद्धा पुरुष त्या गाडीत नव्हता. आहेत गावात थोडे, नाही असं नाही, पण ज्याला काम आहे त्याच्याकडे बाईक आहे, आणि बाकीचे माझ्यासारखे बाहेर. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ ला दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, पूर्ण राज्याचा आकडा ९२९. राज्यात हजाराच्या वर फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. शाळेत आम्हाला सर हे फार अभिमानाने सांगायचे, कोकणात मुलींना मान आहे म्हणून. मान आहे तो आहेच, पण या आकड्यामागे मोठा हात मनिऑर्डरचा आहे. पुरुष मुंबईला, बाई गावाला, असं तीन-चार पिढ्या चाललंय आमच्याकडे. गाडीत चढून बसलात की तो ११२२ आकडा डोळ्यांनी दिसतो, पुस्तक उघडायला नको.

दुसरा आकडा जास्त वाईट आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला १६,९६,७७७ होती ती २०११ ला १६,१५,०६९ झाली. म्हणजे दहा वर्षांत एक्याऐंशी हजारांच्या वर माणसं कमी, आणि तेही राज्य सोळा टक्क्यांनी वाढत असताना. महाराष्ट्रात त्या दशकात तीनच जिल्हे घटले, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि तिसरा कोणता माहितीये का, मुंबई शहर! मला हे कळलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्प बसलो. आमचे आजोबा लालबागच्या चाळीत गाळ्यात राहायचे, एका खोलीत गावचे अकरा जण. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, आम्ही नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली असे पांगलो. म्हणजे ज्या दोन टोकांमध्ये आमच्या माणसांनी शंभर वर्षं ये-जा केली ती दोन्ही टोकं रिकामी होत चाललीत आणि सगळे जण कुठेतरी भलतीकडेच जमलेत. आता गणपतीच्या गाड्या लालबागपेक्षा नालासोपारा आणि विरारहून जास्त भरतात त्याचं कारण हेच.

हां, गणपती. वस्तीच्या गाडीचा रिव्ह्यू असला तरी त्याबद्दल थोडं. २०२५ ला गणपतीसाठी पाच हजार जादा गाड्या जाहीर झाल्या होत्या, आमच्या बिल्डिंगवाल्यांनी आणि बाजूच्या चाळीने मिळून ग्रुप बुकिंग केलं, अख्खी गाडी आमची, ती थेट वाडीपर्यंत आली. चतुर्थीच्या आदल्या रात्री आमच्या पाराजवळ चार एसट्या उभ्या होत्या आणि नेहमीची वस्तीची गाडी लावायला जागा उरली नाही, तिला शाळेच्या मैदानात लावली. आमच्या वाडीत बावीस घरं, एरवी तेरांना कुलूप असतं, त्या रात्री बावीसच्या बावीस घरांत दिवे. मोजायचीच असेल तर त्या रात्री मोजा ना आमची लोकसंख्या! पण तसं होत नाही, माणूस नेहमी जिथे राहतो तिथेच त्याची नोंद होते. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची आता १ मार्च २०२७ च्या हिशोबाने होणार, शिमगासुद्धा त्यानंतर येतो. म्हणजे कुलपं तेव्हा लागलेलीच असणार.

पर्याय काय आहेत त्याबद्दलही सांगतो, कारण रिव्ह्यूमध्ये तुलना नको का. वडाप आहे, म्हणजे खासगी शेअरची गाडी. फाट्यापर्यंत मिळतं, पण भरल्याशिवाय सुटत नाही, आणि सकाळी सहाला आमच्या गावात भरणार कोण. पावसाळ्यात तर वडापवाला स्वतःच शेतावर असतो. रिक्षा स्पेशल केली तर तालुक्याला जायला जेवढे लागतात तेवढ्यात एसटीने मी मुंबईच्या निम्म्या रस्त्यात पोचेन. दाभोळ किंवा जयगडच्या बाजूला जायचं असेल तर धोपाव्याहून आणि तवसाळहून फेरीबोट आहे, लोक जंगलजेटी म्हणतात, गाड्यासुद्धा चढतात तिच्यावर, वळसा वाचतो आणि मुलांना मजा येते. पण तिथपर्यंत पोचायला पुन्हा काहीतरी लागतंच.

आणि खासगी ट्रॅव्हल्स. नाव लिहीत नाही, पण एकदा मुंबईहून एका स्लीपर गाडीने आलो, बुकिंग करताना सांगितलं चिपळूण स्टँडजवळ सोडू, आणि पहाटे साडेतीनला हायवेवर उतरवलं, दोन बॅगा, आईचा वॉकर आणि धो धो पाऊस. ड्रायव्हर म्हणाला गाडी आत जात नाही. एसी होता, चादर होती, चार्जिंगचा पॉइंट होता, सगळं होतं. गावी पोचवायचं तेवढं नव्हतं. तिथून रिक्षा मिळेपर्यंत उजाडलं. त्या दिवसापासून मी एसी-बिसी बघणं सोडून दिलंय, गाडी शेवटी कुठे जाऊन थांबते ते बघतो.

एनरॉनचा वीज प्रकल्प आला तेव्हा आमच्या तालुक्याचं नाव म्हणे जगभर गेलं होतं. आमच्या गावात तेव्हाही हीच गाडी यायची, वडील सांगतात.

आता अर्धा स्टार का कापला ते. एक म्हणजे चढायची पायरी. थांब्याजवळ रस्त्याच्या कडेची माती दरवर्षी पावसात वाहून जाते, त्यामुळे खालून पहिली पायरी माझ्याच गुडघ्याच्या वर येते, ऑपरेशन झालेल्या बाईची काय कथा. आईला चढवायला कंडक्टर वरून हात देतो आणि मी खालून आधार देतो. गेल्या महिन्यात आम्ही वाडीतल्या पाच जणांनी चार जांभे दगड आणून तिथे टाकले, आता बरं आहे. दुसरं म्हणजे दुपारी काही नाही. सकाळी गेलात तर संध्याकाळीच परत, मधले आठ तास तालुक्याच्या स्टँडवर शेंगदाणे खात बसा. पूर्वी दुपारची एक फेरी होती. ती बंद झाल्यावर सगळ्यांनी खूप आरडाओरडा केला, मीही केला, पण खरं सांगायचं तर शेवटच्या वर्षी तिच्यात चार-पाच माणसं असायची. प्रत्येक घरात हप्त्यावर बाईक आली आणि बाईकवाल्याने आपल्या आईला, वहिनीला मागे बसवून न्यायला सुरुवात केली, मग गाडीत राहिलं कोण? आता ज्यांच्या घरात बाईक चालवणारं कोणी नाही तेच तेवढे अडकले.

त्यामुळे वस्तीच्या गाडीचीही भीती वाटते. वर सांगितला तो हिशोब करून बघा, ३१ माणसं आणि दोन फुल तिकिटं. सवलतीचे पैसे सरकार एसटीला भरून देतं हे मला माहितीये, पण माणसंच कमी होत गेली तर सवलत तरी कोणाच्या नावावर दाखवणार. जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्के वाढलं तेव्हा आमच्या गावात कोणी फार बोललं नाही. आठवून बघा, फुल तिकीट काढणारा असतो कोण. गावातल्या बैठकीत मी एकच मुद्दा मांडला, की मुंबईकरांनी गावी येताना शेवटचा टप्पा तरी स्वतःच्या गाडीने न येता वस्तीच्या गाडीने यावं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बैठक संपल्यावर सगळे आपापल्या गाडीत बसून गेले. मी धरून, कारण त्या खेपेला आईचा पलंग आणला होता.

संप झाला होता ना, २०२१ च्या ऑक्टोबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत, तेव्हा काय झालं ते आईने सांगितलं. दिवाळी, नंतर शाळा सुरू झाल्या, गाडी नाही. मुलगे कोणाच्या ना कोणाच्या बाईकवर लटकून हायस्कूलला गेले. मुलींना घरच्यांनी अनोळखी वडापमध्ये पाठवलं नाही. शेजारच्या दोन मुलींचं ते वर्ष असंच घरी बसून गेलं, एकीने नंतर पुन्हा नाव घातलं, दुसरीचं लग्न झालं. संपवाल्यांच्या मागण्या काय होत्या, पगार किती कमी होते, ते मला माहितीये आणि मी त्यांच्याच बाजूचा होतो. तरीपण त्या दोघींचं सांगावंसं वाटलं.

कोणाला जायचं असेल, कोकण बघायला वगैरे, तर थोडी माहिती. संध्याकाळी चिपळूणहून बसणार असाल तर उजव्या बाजूची खिडकी घ्या, मावळतीचा उजेड मिळतो. सुट्टे पैसे ठेवा. यूपीआय चालतं, पण शृंगारतळीच्या पुढे रेंज येते-जाते आणि मग तुमचं पेमेंट गोल गोल फिरत बसतं आणि अख्खी गाडी तुमच्याकडे बघत बसते. शेवटच्या थांब्यावर लॉज, हॉटेल काही नाही, ओळख नसेल तर येऊ नका, आणि आलातच तर पारावर बसा, कोणीतरी विचारायला येईलच. सकाळी सहाला थांब्यावर या. ड्रायव्हरला उठवायला जाऊ नका, तो पाच वाजता उठून काच पुसत असतो. पुढची डावीकडची पहिली सीट रिकामी दिसली तरी तिथे बसू नका, तिथे आमच्या वाडीतली एक आजी बसते, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिसला जाते.